वारीचा दिवस ठरलेला, पावसाचा नाही

फोंडाघाटातून आम्ही बोलतोय. आज विषय आहे पावसाच्या अंदाजाचा इतिहास. तुम्ही म्हणाल, बचत गटाच्या बायकांचं हवामान खात्याशी काय काम? त्याचं उत्तर आमच्या गटाच्या इतिवृत्ताच्या वहीत आहे, म्हणून सुरुवात तिथूनच करतो.

मे 2023 ची बैठक. आमच्या गटातल्या पाच जणींनी ठरवलं की यंदा आषाढीची वारी चालत करायची. घाट एसटीने चढायचा, दाजीपूर, राधानगरी करत कोल्हापूरला जायचं आणि तिथून एका दिंडीबरोबर पायी पंढरपूर. आषाढी होती 29 जूनला. वहीत आम्ही हिशेब लिहिला: 7 जूनला मृग, त्याच सुमाराला भात पेरायचं. 18 जूनला निघायचं. 1 जुलैला परत. तोवर तरवा चोवीस-पंचवीस दिवसांचा होतो, म्हणजे आल्या आल्या लावणी. आणि त्याखाली एक ओळ: "यंदा पाऊस सर्वसाधारण, 96 टक्के." ही ओळ कुणीतरी मोबाईलवर आलेल्या बातमीतून वाचून दाखवली होती. ती ऐकली आणि आम्ही निर्धास्त झालो.

या पाच जणींत एक काकी होत्या. माहेर घाटावरचं, राधानगरी भागातलं. आई-वडील दर वर्षी वारीला चालत जायचे. लग्न होऊन काकी घाट उतरून खाली आल्या आणि आषाढी सुटली, कारण आपल्याकडे आषाढ म्हणजे लावणी. चाळीस वर्षांत एकदाही जमलं नव्हतं. सासूबाई म्हणायच्या, "गो बाय, आधी तरवो लाव, मगे पंढरी. इठोबा खंय पळान जातासा?"

त्या वर्षी काय झालं ते तुम्हाला आठवत असेल. मोसमी पाऊस केरळात आला 8 जूनला, म्हणजे आठवडाभर उशिरा. 11 जूनला तो रत्नागिरीपर्यंत पोचला आणि तिथेच थबकला. समुद्रात बिपरजॉय वादळ होतं, त्याने सगळा ओलावा ओढून नेला. आम्ही धुळीत पेरलेलं भात एका सरीने उगवलं आणि वरून ऊन तापलं. 18 जूनला तरवा करपत होता. पाचांपैकी तिघींनी जाणं रद्द केलं, त्यात काकी होत्या. सामानाच्या गाडीसाठी दिलेली आगाऊ रक्कम परत मिळाली नाही. ती बचतीतली होती, त्यावरून गटात बोलाचाली झाली. पाऊस जोर धरून आला तेव्हा जूनचा शेवटचा आठवडा उजाडला होता. आषाढीच्या दिवशी काकी दुसऱ्यांदा पेरलेल्या वाफ्यावर उभ्या होत्या. त्या एवढंच म्हणाल्या, "अंदाज खोटो निघालो."

पण मैत्रिणींनो, अंदाज खोटा निघाला नव्हता. चार महिन्यांनी हिशेब लागला तेव्हा देशभरातला पाऊस 94 टक्के भरला होता. 96 सांगितला, 94 पडला. खात्याच्या दृष्टीने अंदाज जवळजवळ बरोबर. तरीही आमचा तरवा करपला, वारी चुकली आणि पैसे गेले. हे कसं झालं, हे समजून घ्यायला आम्ही मागे मागे गेलो. जे सापडलं ते आज सांगतो.

आधी वारीचं गणित बघू. पंढरीची वारी फार जुनी. संत तुकारामांचे पुत्र नारायण महाराज यांनी 1685 साली देहूहून पालखीची प्रथा सुरू केली. आज आळंदीहून जो मोठा सोहळा शिस्तीत निघतो, त्याची घडी एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात हैबतबाबा आरफळकर यांनी बसवली. देहूची पालखी ज्येष्ठ वद्य सप्तमीला निघते, आळंदीची अष्टमीला, आणि आषाढ शुद्ध दशमीला पंढरपुरात पोचतात. म्हणजे वारीचा दिवस चंद्रावर ठरलेला. आणि पाऊस? तो सूर्याच्या मागे येतो. मृग दर वर्षी 7-8 जूनलाच लागतो, आर्द्रा 21-22 जूनला, पुनर्वसू 5-6 जुलैला, पुष्य 19-20 जुलैला. चंद्राचं वर्ष साधारण 354 दिवसांचं, सूर्याचं 365 चं. दर वर्षी अकरा दिवसांचा फरक पडतो आणि अडीच-पावणेतीन वर्षांनी अधिक महिना येऊन तो भरून काढतो. त्यामुळे आषाढी कधी जूनच्या अखेरीला येते, कधी जुलैच्या अखेरीला. 2018 साली अधिक ज्येष्ठ होता, आषाढी आली 23 जुलैला आणि आळंदीची पालखी निघाली 6 जुलैला, पुनर्वसूच्या भर पावसात. 2023 साली अधिक महिना आषाढीच्या नंतर, श्रावणात आला. आषाढी 29 जूनला आणि आळंदीची पालखी निघाली 11 जूनला, मृगात. त्या वर्षी वारकरी पावसात नाही, उन्हात चालले. वारी तीच, वाटही तीच, पण नक्षत्रं वेगळी.

देशावरच्या शेतीला हे जमून जातं. तिकडे मृगात पेरणी उरकली की पीक उगवून वर येईपर्यंत थोडी उसंत असते. म्हणून म्हणतात की शेतकरी पेरतो आणि विठ्ठलाच्या भरवशावर शेत सोडून चालू लागतो. कोकणात नेमकं उलटं आहे. आपल्याकडे पेरणी हे निम्मं काम. खरी मेहनत लावणीची, आणि ती बायकांच्या कमरेवर. म्हणून कोकणातली माणसं कापणी-झोडणी झाल्यावर कार्तिकीला, नाहीतर माघीला जाण्याची रीत पडली. आषाढी बघायला मिळाली ती ज्यांच्या घरी लावणीला दुसरे हात होते त्यांना. वारीला सगळे सारखे, हे खरं. पण वारीला निघायला मिळणं सगळ्यांना सारखं नव्हतं.

आता पावसाचा अंदाज. यंत्रं नव्हती तेव्हा लोक काय करत? बघत होते. बहावा कधी फुलला, कावळ्याने घरटं किती उंचावर बांधलं, मुंग्या अंडी घेऊन कुठे निघाल्या, पावशा कधी ओरडायला लागला, काजवे कधी चमकले, पहिल्या पावसाला कुर्ल्या बिळातून कधी बाहेर आल्या. आपल्या आज्या हे सगळं वाचत होत्या. यातलं काही हवेतल्या ओलाव्याशी जोडलेलं आहे, म्हणून एखाद-दोन दिवस आधीचं ते बऱ्यापैकी सांगतं. दोन महिने आधीचं सांगेल याचा भरवसा नाही.

या लोकविद्येत एका बाईचं नाव फार मोठं आहे, ते प्रत्येक गटाला माहीत असायला हवं: भाडळी. सहदेव-भाडळीचे पावसापाण्याचे ठोकताळे महाराष्ट्रात पिढ्यान्‌पिढ्या चालत आले. कुणी तिला सहदेवाची बहीण म्हणतं, कुणी मुलगी. गुजरातेतही भडलीची वचनं सांगतात, उत्तर हिंदुस्थानात घाघ आणि भड्डरीची. वारा कुठून वाहतो, ढगाचा रंग काय, चंद्राला खळं पडलं का, यावरून पेरायचं की थांबायचं हे ती सांगे. ती खरोखर कोण होती, कधी होती हा भाग सोडा. पण आभाळ वाचण्याचा मान लोकांनी एका बाईला दिला होता, हे विसरू नका.

दुसरी वाट पंचांगाची. नक्षत्राचं वाहन बेडूक, म्हैस, हत्ती असलं की पाऊस चांगला. कोल्हा, मेंढा असलं की कमी. हे वाहन कसं काढतात माहीत आहे? सूर्याच्या नक्षत्रापासून चंद्राच्या नक्षत्रापर्यंत मोजायचं, नऊने भागायचं, बाकी उरेल त्यावरून वाहन. गणित सुबक आहे. पण त्यात ढग नाही, वारा नाही, समुद्र नाही आणि गावही नाही. बेडूक आला तर तो फोंडाघाटालाही आला आणि पंढरपूरलाही. पण आंबोलीत वर्षाला सरासरी 7,000 मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो आणि सोलापूर जिल्ह्यात जेमतेम 500 ते 600. समुद्रावरून आलेला ढग सह्याद्रीला आपटतो, वर चढतो, थंड होतो आणि आपल्या अंगणात रिता होतो. घाट चढून दाजीपूरला गेलं तरी धो धो, राधानगरीला थोडा कमी, आणि कोल्हापूर सोडून पूर्वेला निघालं की दोन-तीन मुक्कामांत रस्ता कोरडा. दहा दिवस चालणारी बाई एवढी हवामानं बदलते. तिला सगळ्या वाटेचा एकच अंदाज कसा पुरणार?

विदर्भात, बुलढाणा जिल्ह्यात, भेंडवळची घटमांडणी प्रसिद्ध आहे. अक्षय्य तृतीयेला संध्याकाळी शेतात घट आणि धान्यं मांडतात, दुसऱ्या दिवशी पहाटे त्यावरून पावसाचं आणि पिकाचं भाकीत सांगतात. लोक गर्दी करतात. माणसाला पुढचं कळावं असं वाटतं, कारण बियाणं एकदाच असतं. ती भूक खरी आहे. प्रश्न एवढाच, की ती भागवायची कशाने.

मोजमापाची वाट दुष्काळातून निघाली. इंग्रजांच्या काळात वादळांनी आणि दुष्काळांनी लाखो माणसं मेली, तेव्हा 1875 साली भारतीय हवामान खातं स्थापन झालं. हेन्री ब्लॅनफोर्ड हे त्याचे पहिले प्रमुख. लगेच पुढच्या वर्षी, 1876 ते 78, दख्खनचा भयंकर दुष्काळ पडला. पाऊस आधी कळेल का, हा प्रश्न मग सरकारलाही टाळता येईना. ब्लॅनफोर्ड यांच्या लक्षात आलं की ज्या वर्षी हिमालयावर उशिरापर्यंत जास्त बर्फ राहतो त्या वर्षी मोसमी पाऊस ढिला पडतो. त्यावरून 4 जून 1886 रोजी देशाचा पहिला अधिकृत मोसमी अंदाज निघाला. मात्र 1899 साली चांगल्या पावसाचा अंदाज दिला गेला आणि प्रत्यक्षात मोठा दुष्काळ पडला. म्हणजे अंदाज चुकणं ही आजची गोष्ट नाही.

1904 साली गिल्बर्ट वॉकर प्रमुख झाले. ते मूळचे गणिती. त्यांनी जगभरातल्या नोंदी गोळा केल्या आणि त्यांना दिसलं की हवेचा दाब दोन महासागरांमध्ये तराजूच्या पारड्यांसारखा वरखाली होतो. प्रशांत महासागराकडचं पारडं एका बाजूला कललं की आपल्याकडचा पाऊस बिघडतो. आज बातम्यांत 'एल निनो' हा शब्द येतो, त्याचं मूळ याच पारड्यात आहे. 2023 चं वर्ष एल निनोचंच होतं. आमच्या फोंड्याच्या वाफ्यातला तरवा आणि हजारो कोस दूरचं समुद्राचं पाणी यांचा असा संबंध आहे.

1928 साली खात्याचं मुख्यालय सिमल्याहून पुण्याला आलं. पुण्यात शिवाजीनगरला 'सिमला ऑफिस' म्हणतात ते हेच. तिथे 1948 साली एक बाई रुजू झाली. नाव ॲना मणी. त्रावणकोर संस्थानात 1918 साली जन्म. सी. व्ही. रामन यांच्या हाताखाली काम केलेल्या, पुढे लंडनला जाऊन हवामानाची उपकरणं शिकून आलेल्या. तोवर पाऊस, वारा, ऊन मोजायची साधी साधी यंत्रंही परदेशातून येत. ॲना मणी यांनी सुमारे शंभर उपकरणांचे आराखडे पक्के केले आणि ती इथे बनू लागली. एक यंत्र एक सांगतं आणि दुसरं भलतंच, असं झालं तर मोजण्याला अर्थ नाही, हा त्यांचा आग्रह होता. बचत गटात आपण तरी वेगळं काय म्हणतो? वहीत एक आणि पेटीत एक असेल तर हिशेब कसला! 1976 साली त्या खात्याच्या उपमहासंचालक पदावरून निवृत्त झाल्या, 2001 साली वारल्या. भाडळीचं नाव लोकांच्या तोंडी राहिलं, ॲना मणींचं नाव आपल्यापर्यंत पोचलंच नाही. आज ते पोचवतोय.

पुढचं नाव आपल्या मराठी माणसाचं, डॉ. वसंत गोवारीकर. 1988 साली त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सोळा घटकांवर आधारलेलं गणित मांडलं. समुद्राचं तापमान, बर्फ, वारे, हवेचा दाब असे सोळा घटक बघून यंदाचा पाऊस सांगायचा. बरीच वर्षं ते गणित चाललं. मग आलं 2002. अंदाज होता सर्वसाधारण पावसाचा. जुलै महिन्यात देशभर जेमतेम निम्मा पाऊस पडला आणि हंगाम 81 टक्क्यांवर संपला. खात्याने ते गणित बाजूला ठेवून 2003 पासून नवी पद्धत आणली. आज उपग्रह आहेत, मोठे संगणक आहेत, गोव्यातल्या रडारला आपल्या सिंधुदुर्गाकडे येणारे ढग दिसतात. चूक झाली की कबूल करून वही पुन्हा मांडायची, ही शिस्त आम्हाला आवडली. वाहन चुकलं म्हणून नऊचा भागाकार कुणी बदलल्याचं आम्ही ऐकलेलं नाही.

आता पुन्हा आमच्या त्या ओळीकडे येऊ: "यंदा पाऊस सर्वसाधारण, 96 टक्के." तो अंदाज कशाचा होता? अख्ख्या देशाचा आणि जून ते सप्टेंबर या चार महिन्यांचा मिळून. सरकारला धान्य किती लागेल, धरणात पाणी किती साठेल, याची तयारी करायला तो उपयोगी. 18 जूनला फोंडाघाटात तरव्याला पाणी असेल का, हा प्रश्न त्या अंदाजाला कुणी विचारलाच नव्हता. चूक आमची होती. एका प्रश्नाचं उत्तर आम्ही दुसऱ्याच प्रश्नाला लावलं.

अंदाजाच्या चार पायऱ्या आहेत, त्या पाठ करून ठेवा. पहिली हंगामाची: एप्रिल-मेमध्ये येते, देशाची असते. दुसरी चार आठवड्यांची: दर गुरुवारी निघते, कोकणात येते आठवडे सरासरीपेक्षा ओले की कोरडे, एवढं सांगते. पेरायचं की थांबायचं, हे हिच्यावरून. तिसरी पुढच्या चार-पाच दिवसांची, जिल्ह्याची: हिरवा, पिवळा, केशरी, लाल असे रंग असतात. चोवीस तासांत 64.5 मिलिमीटरच्या वर पाऊस म्हणजे 'जोरदार', 115.6 पासून पुढे 'अति जोरदार', 204.4 च्या वर 'अत्यंत जोरदार'. घाट चढायचा की थांबायचं, हे हिच्यावरून. आणि चौथी पुढच्या तीन तासांची: वीज, वारा, ढगफुटीसारखा पाऊस. माळावर चालताना थांबायचं की नाही, हे हिच्यावरून. विजेसाठी पुण्याच्या संस्थेने बनवलेलं 'दामिनी' ॲप आहे. पायरी जितकी खालची तितका भरवसा जास्त, आणि तितकाच वेळ कमी.

वारीला जाणाऱ्यांसाठी आणखी एक गोष्ट. पंढरपुरात आभाळ कोरडं असलं म्हणून चंद्रभागा शांत असेल असं नाही. तिचं पाणी पुणे जिल्ह्याच्या घाटमाथ्यावरून येतं. तिकडे जोराचा पाऊस झाला, उजनीतून किंवा नीरेवरच्या वीर धरणातून पाणी सोडलं, की वाळवंट पाण्याखाली जातं. म्हणून वारकऱ्याने तीन ठिकाणचा अंदाज बघायचा: जिथून निघतो तिथला, जिथे पोचतो तिथला आणि नदी जिथून येते तिथला. आणि परतीचाही. 2021 साल आठवा. करोनामुळे पायी वारी झालीच नाही, पादुका एसटीतून पंढरपूरला गेल्या. आषाढी होती 20 जुलैला. 22 जुलैला चिपळूण पाण्यात बुडालं, महाडजवळ तळिये गावावर डोंगर कोसळला, कोल्हापुराजवळ महामार्ग बंद पडला. नेहमीचं वर्ष असतं तर ते दिवस परतीचे होते. आपल्या बाया त्या दिवसांत घाटात असत्या. आपण एकादशीपर्यंतच हिशेब करतो, पण घरी पोचल्याशिवाय वारी पुरी होत नाही.

आणि लवकर आलेला पाऊस म्हणजे चांगला पाऊस, असंही नाही. 2025 साली मोसमी पाऊस 25 मे रोजी आपल्या देवगडला पोचला, दुसऱ्या दिवशी मुंबईला. इतक्या लवकर तो बऱ्याच वर्षांत आला नव्हता. आम्ही खूश झालो. पण वाफे तयार नव्हते, धुळीत पेरायचं राहून गेलं, आणि मग मेच्या अखेरीपासून तो जो अडखळला तो जूनच्या मध्यापर्यंत. पाऊस कधी येतो यापेक्षा आल्यावर राहतो का, हे बघायला आम्ही त्या वर्षी शिकलो. कार्तिकीचंही आता कोरडी म्हणून गृहीत धरता येत नाही. 2019 च्या ऑक्टोबरात क्यार वादळाने ऐन दिवाळीत कापलेलं भात भिजवलं, ते कोण विसरेल?

या सगळ्या इतिहासात एक गोष्ट आम्हाला खुपली. अंदाज आधी जहाजांना मिळाला, मग सरकारला, मग बाजाराला, मग आकाशवाणीवरून मच्छीमारांना आणि शेतकऱ्यांना. आज तो मोबाईलवर येतो. पण मोबाईल घरात कुणाच्या खिशात असतो? तरवा काढणारी, लावणी करणारी, वारीत दिंडीसाठी भाकऱ्या थापणारी बाई तो संदेश संध्याकाळी ऐकते, तोही कुणी आठवणीने सांगितला तर. म्हणून आम्ही आमच्या गटाच्या बैठकीच्या जागेबाहेर एक फळा लावला आहे. जूनपासून दर गुरुवारी चार आठवड्यांचा अंदाज आणि रोज सकाळी जिल्ह्याचा रंग, पाळीपाळीने एकेक जण लिहिते. खाली तिसरी ओळ असते: काल प्रत्यक्ष काय झालं. अंदाज चुकला तर चुकला असं लिहायचं, हा नियम. दोन वर्षांत आमच्या लक्षात आलं की चार-पाच दिवसांचा अंदाज आमच्याकडे बहुतेक वेळा उपयोगी पडतो. चार आठवड्यांच्या अंदाजातला पहिला आठवडा धरावा, शेवटच्यावर फार विसंबू नये.

आता यंदाचं सांगतो. या मे महिन्याच्या 17 तारखेला अधिक ज्येष्ठ लागतो. म्हणजे 2018 सारखंच वर्ष. आषाढी 25 जुलैला, पुष्यात, ज्याला आपण म्हातारा पाऊस म्हणतो त्यात. आम्ही वहीचं नवं पान उघडलं आहे. 7 ते 10 जूनला पेरणी, तीही गुरुवारचा अंदाज बघून. पहिल्या आठवड्यात कोरडं दिसलं तर थांबायचं, किंवा निम्मंच बी टाकायचं. 3-4 जुलैला तरवा तयार. लावणी एकमेकींच्या शेतात मिळून करायची, जाणाऱ्यांच्या शेतात आधी, राहणाऱ्यांच्या नंतर. 12-13 जुलैला हात मोकळे. 14 ला घाट चढायचा. मात्र त्या दिवशी जिल्ह्याचा रंग लाल असेल तर नाही चढायचा. एक दिवस राखून ठेवला आहे. गाडीची आगाऊ रक्कम लावणी सुरू झाल्यावरच द्यायची. परतीच्या खर्चाचे पैसे वेगळ्या पाकिटात, त्याला हात लावायचा नाही.

अंदाज म्हणजे भविष्य नव्हे. पाऊस कुठल्या दिवशी येईल ते खातं सांगू शकत नाही, पंचांगही सांगू शकत नाही. पण पाऊस असा आला तर आपण काय करायचं आणि तसा आला तर काय करायचं, हे आधी बसून ठरवता येतं. ते ठरवायला दहा बायकांचा गट पुरतो. एकटीला हे जमत नव्हतं. म्हणून काकींची चाळीस वर्षं गेली.

गेल्या बैठकीत काकींनी पानभर हिशेब ऐकून घेतला. गुडघा दुखतो म्हणून त्या शेवटचे पाच मुक्कामच चालणार आहेत. अंगठ्याऐवजी सही करायला त्या गटात येऊन शिकल्या, सही केली आणि विचारलं, "आणि पावस नाय इलो तर?"

आम्ही म्हटलं, "काकी, तर तुमचा तरवा आम्ही लावतो, पाऊस येईल तेव्हा. तुम्ही निघा."

हेही वाक्य वहीत लिहून घेतलं आहे, आणि खाली दहा जणींच्या सह्या आहेत.

रामकृष्ण हरी.